नाक माझं, जीभ तुझी

दिगंबर,

रेड वाईन हृदयाला चांगली असते, असं तू अख्ख्या पुंडलिकनगरला सांगत फिरलास. किराणा दुकानात सांगितलंस, केस कापणाऱ्याला सांगितलंस, माझ्या विहीणबाईंना तर भर साखरपुड्यात सांगितलंस. आणि गेलास तो हृदयानंच. हे काही तुला शोभलं नाही. दुसऱ्या कशानं गेला असतास तर निदान तुझा मुद्दा तरी शिल्लक राहिला असता.

परवा तुझं तेरावं झालं. मांडव निघाला, पाव्हणे आपापल्या गावी गेले, भाड्याची भांडी परत गेली. तेराव्याला लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की फोटो तुझाच आहे ना, हे मी दोनदा बघून घेतलं. तुझा चुलतभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाला, "दिगंबरदादा म्हंजी निर्व्यसनी माणूस." सुमनवहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी भात वाढायला उठलो.

तर आता जरा निवांत आहे, म्हणून लिहितोय. आपला एक वाद अर्धा राहिलाय. "एक घोट घे" हे तुझं आणि "नाही घेणार" हे माझं. इतकी वर्षं चाललेला वाद तू असा मध्येच टाकून गेलास, आणि आता या महिन्याची बाटली येऊन पडली आहे. माणूस गेल्याचं क्लबला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी आपली पाठवली.

तुला हा नाद लागला तो फ्रान्सला. चितेगावच्या आपल्या खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात तिकडून बाटल्या भरायचं मशीन यायचं होतं, आणि तू मेंटेनन्सचा म्हणून ते शिकायला तुला धाडलं. मी लॅबमध्ये. प्रत्येक बॅच हुंगून मगच पुढं सोडायची हे माझं काम, त्यासाठी कुणी फ्रान्सला धाडत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरनं तुला रविवारी घरी जेवायला नेलं. तुला त्याची भाषा येईना, त्याला तुझी. त्यानं ग्लास भरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. तूही मिटलेस. परत आल्यावर कँटीनमध्ये माझ्या डब्यातल्या ताकाकडं बोट दाखवून म्हणालास, "साळवे, तिकडं वाईन म्हंजी आपलं हे हाय. म्हातारी बी पिती, पाद्री बी पितो." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही त्या फिटरच्या बायकोनं केलेल्या कोंबडीचं वर्णन ऐकलं. दर वर्षी त्या कोंबडीत एखादा मसाला वाढायचा.

मग ती तापाची साथ आली आणि तुला वास येईनासा झाला. बाकीच्यांचा गेलेला वास महिन्या-दोन महिन्यांत परत आला, तुझा काही फिरकला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगत जा, नाकाला पुन्हा सवय लागेल. तू मन लावून हुंगलंस. काही होईना. एक दिवस चिडून लवंगांची बाटली वहिनींच्या मसाल्याच्या डब्यात उपडी केलीस आणि म्हणालास, "लवंगीसाठी कोण येईल परत? त्याला बोलवायचं तर त्याच्या आवडीचं कायतरी पुढं ठिवलं पायजे."

त्या आवडीच्या पदार्थासाठी तू मुंबईच्या त्या क्लबचा सभासद झालास. वर्षाची वर्गणी आधी भरायची, मग महिन्याला फ्रान्सची एक लाल वाईन जालना रोडवरच्या दुकानात यायची आणि परवाना दाखवून आपण ती आणायची. दारूचा परवाना तब्येतीच्या कारणानं मिळतो हे कळल्यावर तू तो लॅमिनेट करून औषधांच्या डब्यात ठेवलास. क्लबची अट एकच होती. महिन्यातून एकदा सगळे सभासद फोनवर, एकमेकांची तोंडं दिसतील असे जमायचे, आणि बाटलीला वास कसला आला, चव कशी लागली हे ज्यानं त्यानं सांगायचं.

वर्गणी भरून झाल्यावर ही अट तू वाचलीस. मशीन आधी चालू करायचं आणि माहितीपुस्तक मग उघडायचं ही तुझी जुनीच पद्धत. दुपारच्या उन्हात माझ्या दारात उभा राहिलास.

"साळवे, रिटायर झाल्यापासनं तुझं नाक रिकामंच बसलंय."

"मी पीत नाही. तुला माहितीय."

"प्यायला कोण सांगतंय? हुंगू नको असं कुठल्या शीलात हाय, ते दाखव."

मी विचार केला. खरंच कुठं नव्हतं. आमची आई विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला आवाज चढवायची आणि थेट मामांकडं बघायची. मामांनी दारू सोडली ती त्या नजरेपायी. आई गेली, मामाही गेले, पण ती नजर आमच्या घरात राहिली आणि आता ती माझ्यावर असते. तरी आई वासाबद्दल कधी काही बोलली नव्हती. म्हणून ठरलं, नाक माझं आणि जीभ तुझी. दोघं मिळून एक शौकीन.

ग्लासांचं तुला आठवतं का? क्लबनं सांगितलं होतं, पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असा ग्लास हवा. आपण शहागंजच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "क्या पीना है चचा इसमें?" तू लाजलास. आयुष्यात पहिल्यांदा तुला लाजताना बघितलं. म्हणालास, "अंगूर का शरबत." त्यानं आनंदानं दोन उंच ग्लास बांधून दिले. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, फालुदा करायचाय का?" माझं नाक त्या ग्लासात जाईना, आणि जोर लावून घातलं तर निघेना. शेवटी वहिनींनी वरणाच्या स्टीलच्या वाट्या पुढं केल्या. पसरट तोंड, नाक ऐसपैस. तिथून पुढं फ्रान्सच्या त्या नामांकित वाईन आपण वरणाच्या वाटीत ओतत आलो.

पहिल्या वाटीत मी नाक घातलं आणि तोंडातून सवयीनं निघालं, "बॅच रिजेक्ट."

"का रं?"

"आंबूस आहे. झाकण नीट बसलं नव्हतं."

"आरं, ती तशीच असती!"

हळूहळू माझं नाक सरावलं. रविवारची संध्याकाळ, तुझी गच्ची, मध्ये नान आणि मटणाच्या खलियाचं ताट. क्लबनं सोबत बदक खायला सांगितलं होतं. बदक कुठून आणणार? मी वाटी फिरवायचो, हुंगायचो आणि सांगायचो, पिकलेलं जांभूळ. पावसात भिजलेलं गोणपाट. नव्या चपलांचं दुकान. शाळेत पेन्सिलीला टोक करताना यायचा तो वास. तू डोळे मिटून घोट घ्यायचास, तोंडात घोळवायचास आणि मान डोलवायचास. "बराब्बर. जांभूळच. अन् मागून जरा काथ लागतो." कारखान्यात तीस वर्षं मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तू "बघावं लागंल" म्हणायचास. तोच तू गच्चीवर माझा शब्दन् शब्द मान्य करत होतास. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

उन्हाळ्यात दुसरी अडचण. बाटलीसोबत आलेल्या चिठ्ठीवर होतं, खोलीच्या तापमानाला प्यावी. तू चिठ्ठी कूलरसमोर धरून ओरडलास, "कुणाच्या खोलीच्या? इथं खोलीत पापड भाजतेत!" फ्रीजमध्ये ठेवायची नाही असंही होतं. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे अंगणातला पाण्याचा हौद. तू दोन महिन्यांच्या दोन बाटल्या सुतळीला बांधून हौदात सोडल्यास. नळाला पाणी आठवड्यानं येतं, तोवर काही झालं नाही. पाणी आलं त्या दिवशी हौद भरला, आणि सकाळी वहिनींना पाण्यावर तरंगताना फ्रान्सची दोन लेबलं सापडली. बाटल्या दोन्ही उघड्या-नागड्या. कुठली कुठली, कळेना.

त्या महिन्याच्या बैठकीत तू फोनपुढं बसलास, मी फोनच्या मागं. मुंबईच्या त्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, ही वाईन नाजूक आहे, हिला गुलाबाचा आणि स्ट्रॉबेरीचा वास आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाटीत नाक घातलं आणि मागून कुजबुजलो, "तंबाखू. जळकं लाकूड. गोठा." तू खाली-वर काही न बघता तेच ठणकावून सांगितलंस. वर आपल्या पदरचं घातलंस, "आन् गोठा बी साधा नाय. खिलार बैलांचा." तिकडून कुणीतरी म्हणालं, "गोठा?" आपण दुसरीच बाटली फोडली होती, हे मला तेव्हा कळलं. तुला काहीच कळलं नव्हतं. पण त्या बाई म्हणाल्या, "दिगंबरजी कुणाच्या प्रभावाखाली येत नाहीत." त्या दिवसापासून क्लबात सगळ्यांत आधी तुला विचारायला लागले. ज्या माणसाला फिनेलचा वास येत नव्हता, तो मुंबईच्या शौकिनांत नाकासाठी नावाजला गेला. मी फोनच्या मागं तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

आणि दर रविवारी शेवटची वाटी झाली की तुझं सुरू. "साळवे, एक घोट घे."

"नाही."

"निस्ता जिभेला लाव. थुकून टाक वाटल्यास. तिकडं मोठे मोठे लोक थुकतेत."

"मग तूच थुंक."

"लेका, तू निस्तं नाकानं सांगतू. जिभेनं बी एकदा सांग की."

"जीभ तुझी ठरली होती."

मग तू वाट्या गोळा करायला लागायचास. मला वाटायचं, मित्राला बाटवायची ही मित्रांची नेहमीची खोड. त्यापलीकडं मी विचार केला नाही, आणि तूही कधी समजावून सांगितलं नाहीस.

एका रविवारी तू एकदम उठून उभा राहिलास. "आला! वास आला! जळल्याचा!" वहिनी गॅस बघायला धावल्या. मी गल्लीत डोकावलो. कुठं काही जळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नसलेल्या गोष्टीचा वास येतो, भासच तो. तू उलट खूश. "भुताचा तर भुताचा, आला न्हवं?" त्या रात्री तू गल्लीत पेढे वाटलेस. कशाचे म्हणून लोकांनी विचारलं तर मला सांगावं लागलं, जळका वास आल्याचे.

दवाखान्यात तू बरा होत होतास. मला तरी तसंच दिसत होतं. नळ्या काढल्या होत्या, नर्सला तू हृदय आणि रेड वाईन समजावून सांगत होतास. मी निघताना माझा हात धरलास. "ह्या महिन्याची बाटली यायची हाय. ती तू चाख. आता तरी. आन् मला सांग." मी म्हटलं, "आधी घरी चल." हे होही नव्हतं आणि नाहीही नव्हतं. वाटलं, रविवारी गच्चीवर भांडू. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला.

दहाव्याला आम्ही सगळे पैठणला घाटावर. पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. समोर झाडावर बसला होता चांगला जाडजूड, पण हलेना. तुझा मुलगा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. लेक म्हणाली, दर दिवाळीला येईन. ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, बांधावरचं भांडण मिटवतो. याला कावळ्यानं निदान मान वाकडी केली. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर आल्या. "साळवे, तुमचं दोस्ताशी काय बोलणं ऱ्हायलं होतं का?" भाऊ म्हणाला.

माझी अवस्था बघ, दिगंबर. पिंडाचं, कावळ्याचं मी आयुष्यात काही मानलं नाही. आणि त्या अख्ख्या घाटावर तुझं काय राहिलंय हे ठाऊक असलेला मी एकटा! "घेतो एक घोट" एवढं म्हटलं असतं तर सगळे जेवायला मोकळे झाले असते. पण तसं म्हणायचं तर शील मोडायचं, आणि कावळ्याला खोटं सांगायचं तर चौथं शील मोडायचं. मी गप्प उभा राहिलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. चितेगाव मागं पडेपर्यंत गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. कावळ्यावर माझा विश्वास नाही, पण कावळ्याचा माझ्यावर असावा, असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

काल दुकानातून फोन आला, पार्सल आलंय. तुझा मुलगा पुण्याला परत गेलेला, म्हणून वहिनींनी मला सांगितलं. तुझा लॅमिनेट केलेला परवाना दाखवून सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कुठं दुकानदारानं बाटली दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानाच्या रांगेत, आणि वळून बघतो तर मागं आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष. तेच ते, व्यसनमुक्तीवर भाषण देणारे.

"साळवे सर, तुम्ही?"

"मित्राची आहे."

"माझी पण," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही रस्त्यावरची रहदारी बघायला लागलो.

बाटली घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी गच्चीवर तुझ्याच खुर्चीजवळ बसल्या होत्या. मी बाटली खाली ठेवली आणि घाटावर जे बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. "वहिनी, त्याचं एक घोटाचं राहिलं होतं. मला ते जमणार नाही."

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण त्या स्वतःच दचकल्या. "भाऊजी, तुम्हाला त्यांनी सांगितलंच नाय का?"

"काय?"

"नाक गेलं तवाच जीभ बी गेली. मीठ इसरले तरी 'लई भारी', दुप्पट पडलं तरी 'लई भारी'. वाईन आन् पाणी सारखंच लागायचं त्यांना."

मी तुझ्या खुर्चीत बसलो. "मग इतकी वर्षं काय पीत होता तो? काथ, जांभूळ..."

"तुमचं ऐकायचे. तुम्ही गोणपाट म्हणले की त्यांना बाजार समितीतली धान्याची पोती दिसायची. पेन्सिल म्हणले की गावची शाळा. रातच्याला मला सांगायचे, आज साळव्यानं कुठं कुठं फिरवून आणलं. मी म्हणायचे, सांगा की त्यांना. तर म्हणायचे, सांगितलं तर तो बंद करायला लावंल. त्याला एवढी महागाची वस्तू वाया गेलेली सोसायची नाय." मग बाटलीकडं बघत म्हणाल्या, "चव कशी असंल ते तेवढं कुणीतरी सांगावं, असं लई वाटायचं त्यांना."

दिगंबर, तू महाबिलंदर माणूस. मी तुला बाटवणारा समजत राहिलो आणि तू चव विचारत होतास. सांगितलं असतंस तरी मी घोट घेतला नसता, हेही खरं, आणि हे तुलाही माहीत होतं. पण आपण काहीतरी मार्ग काढला असता. चितेगावच्या त्या मशीननं बाटल्या फोडायला सुरुवात केली होती, तेव्हा नाही का सायकलच्या ट्यूबवर भागवलं? मला तुझी फार आठवण येते रे. एवढं एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

वहिनींनी खालून दोन वाट्या आणल्या. बूच मी काढलं. तू मोडायचास तसंच अर्धं मोडलं. मी नाक घातलं आणि मोठ्यानं सांगायला लागलो, कारण हळू सांगायची सवय मुंबईच्या लोकांसाठी होती. "जांभूळ आहे. चांगलं गच्च पिकलेलं. थोडी लवंग." लवंग म्हटलं आणि पुन्हा एकदा हुंगून बघितलं.

वहिनींनी दुसरी वाटी उचलली. उभ्या जन्मात तीर्थापलीकडं काही न प्यालेली बाई. पदर सावरला, डोळे घट्ट मिटले आणि घोट घेतला. चेहरा असा झाला की मी पाणी आणायला उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. मग आभाळाकडं तोंड करून, तू वरच्या मजल्यावर असल्यासारख्या ओरडल्या, "ऐकलं का हो? तुरट हाय! आंबट हाय! जांभळाची बी चावल्यावानी हाय! ह्याच्यापायी लेकराच्या लग्नावानी खर्च केला व्हय तुम्ही?" आणि मग ओरडता ओरडताच रडायला लागल्या. रडता रडता आणखी एक घोट घेतला. "मागून जरा गोड लागतंय," त्या म्हणाल्या.

शेजारच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला होता. पैठणचा नव्हता, पुंडलिकनगरचाच, आपल्या नान-खलियाला सोकावलेला. मान वाकडी करून आमच्याकडं बघत होता. कावळ्याचं मी काही मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. तरी माझी वाटी उचलली आणि कठड्यावर, त्याच्या बाजूला, जरा पुढं सरकवून ठेवली.

"भाऊजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "कावळा कुठं वाईन पितो का?"

"पिऊ नका देऊ," मी म्हटलं. "नुसतं हुंगू द्या त्याला."